पाळणा लांबवायचा आहे, पण पाळीचे काय?

प्रश्न: माझे वय २६ असून लग्नाला सात महिने झाले आहेत. मी अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करते आणि माझे पती सातपूरला नोकरीला आहेत. दोन वर्षे तरी मूल नको, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. सासूबाई म्हणतात की पहिल्या मुलाआधी गोळ्या घेतल्या तर पुढे दिवस राहत नाहीत, आणि तांबी (कॉपर-टी) तर मूल झालेल्या बाईलाच बसवतात. गेल्या तीन महिन्यांत मी दोनदा बहात्तर तासांची गोळी घेतली आणि तेव्हापासून पाळीचा नेम राहिलेला नाही. आमच्यासाठी कोणते साधन चांगले, आणि त्याने माझ्या शरीराचे काय होईल?

उत्तर: तुमच्या पत्रातील शेवटचे अर्धे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नाशिकमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून तीस वर्षे काम करताना मी हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत रोज ऐकत आले आहे, आणि बहुतेक वेळा आम्ही डॉक्टर मंडळी त्याचे उत्तर न देता भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतो. बाई विचारते, ‘याने माझ्या अंगाचे काय होईल?’ आणि आम्ही सांगतो, ‘हे साधन नव्व्याण्णव टक्के खात्रीचे आहे.’ ती मान डोलावते, साधन घेऊन जाते आणि चार महिन्यांनी सोडून देते. साधन फसले म्हणून सोडणाऱ्या स्त्रिया मी फार थोड्या पाहिल्या. पाळी बदलली आणि ती बदलणार हे आधी कोणी सांगितले नव्हते, म्हणून सोडणाऱ्या मात्र असंख्य पाहिल्या.

हे काही नवीन नाही. आपल्या देशाने १९५२ साली सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला आणि १९६५ च्या सुमारास त्यात ‘लूप’ आला, म्हणजे गर्भपिशवीत बसवायचा प्लास्टिकचा वळणदार तुकडा. तो मोठ्या उत्साहाने गावोगाव बसवला गेला. पुढे अंगावरून जास्त जाऊ लागले तेव्हा विचारायला कोणी जागेवर नव्हते, आणि थोड्याच वर्षांत लूपचे नाव बद्दू झाले. तुमच्या सासूबाईंच्या आईने किंवा मावशीने त्या काळच्या गोष्टी नक्की ऐकल्या असतील. त्यांच्या मनातली भीती अज्ञानातून आलेली नाही, ती अनुभवातून आलेली आहे. फक्त तो अनुभव दुसऱ्या साधनाचा आणि दुसऱ्या काळाचा आहे. म्हणून मी प्रत्येक साधन त्याच्या खात्रीबरोबरच त्याने पाळीचे काय होते या बाजूनेही सांगणार आहे.

आधी पाळी म्हणजे काय, हे दोन शब्दांत. दर महिन्याला गर्भपिशवीच्या आत एक मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला तर ते त्याला आधार देते, नाही राहिला तर संप्रेरकांची (हार्मोन्सची) पातळी उतरते आणि अस्तर गळून पडते. ते गळणे म्हणजे पाळी. शरीरात साठलेली घाण दर महिन्याला बाहेर पडते, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजलेली आहे की शिकलेल्या मुलीही ‘मॅडम, या वेळी साफ गेले नाही’ असे सहज म्हणून जातात. घाण असे काही नसते. एखाद्या साधनामुळे अस्तर पातळच राहिले, तर गळायलाही फारसे काही उरत नाही, आणि म्हणून पाळी कमी येते किंवा येतच नाही. आत काहीही तुंबत नाही. ही एक गोष्ट मनाला पटली तर पुढचे निम्मे उत्तर सोपे होते.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकते, तर शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे महिन्यात साधारण सहा दिवस असे असतात की ज्यांत संबंध आल्यास दिवस राहू शकतात. अडचण अशी की बीज पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी बाहेर पडते, मागच्या पाळीपासून मोजून नव्हे. पुढची पाळी कधी येणार हे ज्या स्त्रीला नेमके ठाऊक नाही, तिचा ‘सुरक्षित काळ’ हा कॅलेंडरवरचा अंदाजच असतो, आणि शिफ्ट बदलली की झोप बदलते व पुष्कळ जणींचे चक्रही पुढेमागे होते. (गंमत म्हणजे शिफ्टलाही आपण मराठीत पाळीच म्हणतो. तुमच्या या दोन्ही पाळ्या अनियमित आहेत, तेव्हा तारखांवर भिस्त ठेवू नये.)

आता त्या बहात्तर तासांच्या गोळीबद्दल, म्हणजे असुरक्षित संबंधानंतर तीन दिवसांच्या आत घ्यायच्या आपत्कालीन गोळीबद्दल, कारण तुमची सध्याची तक्रार तिथून सुरू झाली आहे. या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असते. ती मुख्यतः बीज बाहेर पडणे लांबवते. जितक्या लवकर घ्याल तितका उपयोग जास्त. बीज आधीच बाहेर पडले असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि गर्भ राहिलेला असेल तर ती तो पाडत नाही. तिने वंध्यत्व येत नाही, हेही स्वच्छ सांगते. परंतु नेहमीच्या गोळीच्या मानाने हा एकदम दिलेला मोठा डोस असल्यामुळे ती पाळी आठवडाभर अलीकडे किंवा पलीकडे ढकलते, मध्येच थोडे अंगावरून जाते, आणि तीन महिन्यांत दोनदा घेतल्यावर नेम चुकल्यासारखा वाटणे हे अपेक्षितच आहे. दोन-तीन महिन्यांत चक्र बहुधा आपोआप रुळावर येते.

या गोळीची खरी गोम पुष्कळांना ठाऊक नसते. बीज बाहेर पडणे तिने लांबवले, रद्द केले नाही. म्हणून गोळी घेतल्यानंतर त्याच महिन्यात पुन्हा असुरक्षित संबंध आला तर तो पहिल्यापेक्षाही जोखमीचा ठरू शकतो, कारण लांबलेले बीज नेमके तेव्हा बाहेर पडत असते. ‘गोळी घेतली आहे, आता हा महिना काळजी नाही,’ या समजुतीतून दिवस राहिलेल्या मुली मी दर वर्षी पाहते. ही गोळी गाडीतल्या स्टेपनीसारखी आहे, रोज तिच्यावर गाडी चालवायची नसते. तुम्ही मात्र आता पहिले काम हे करा की सकाळच्या पहिल्या लघवीची गर्भचाचणी घरी करून घ्या. पाळी अनियमित आहे असे समजून गर्भारपणाचे दोन महिने निघून गेल्याचे मी पाहिले आहे.

रोजची गोळी ही अगदी वेगळी गोष्ट आहे, जरी बोलताना लोक दोन्हींना ‘गोळ्या’च म्हणतात. सरकारी केंद्रात मोफत मिळणारी माला-एन घ्या किंवा दुकानातली दुसरी कोणती, बहुतेक पाकिटांची घडण एकसारखी असते. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात, त्यांपैकी २१ संप्रेरकांच्या आणि शेवटच्या ७ वेगळ्या रंगाच्या, लोहाच्या. पहिल्या २१ दिवसांत बीज तयार होऊन बाहेर पडत नाही आणि अस्तर पातळ राहते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की संप्रेरक थांबते आणि दोन-तीन दिवसांत पाळी येते. ती ठरल्या वारी येते, कमी जाते आणि पोटातही कमी दुखते. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत मध्येच डाग लागतात, मळमळ होते, स्तन जड वाटतात. गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ बरीच कमी होते. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरुवात केली तर संरक्षण लगेच मिळते, अन्यथा पहिले सात दिवस सोबत निरोध वापरावा लागतो.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बायकांना मी घड्याळाची वेळ ठरवून देत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात रात्री नऊला तुम्ही कंपनीच्या बसमध्ये असाल आणि गोळी घरच्या कपाटात. त्यापेक्षा जे काम कोणत्याही शिफ्टमध्ये चुकत नाही त्याला गोळी बांधून टाका. एका बाईंनी पाकीट दात घासण्याच्या डब्यात ठेवले होते, दुसरीने जेवणाच्या डब्याच्या पिशवीत. काही तासांच्या उशिराने बिघडत नाही. एक गोळी विसरली तर आठवताच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालतात. दोन किंवा अधिक विसरल्या तर आठवताच एक घेऊन पुढे चालू ठेवावे, सात दिवस निरोध वापरावा, आणि हे तिसऱ्या आठवड्यात घडले असेल तर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवे पाकीट सुरू करावे. क्षयाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन आणि मिरगीची काही औषधे या गोळीचा परिणाम कमी करतात. आपल्याकडे क्षयाचे रुग्ण आहेत आणि उपचार चालू असल्याचे सांगायला बायका संकोचतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

गोळी सर्वांना चालत नाही. रक्तदाब जास्त असेल, पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत कधी गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे लकाकणारी अर्धशिशी असेल, यकृताचा गंभीर आजार किंवा स्तनाचा कर्करोग असेल, वय ३५ च्या पुढे असून धूम्रपान असेल, किंवा बाळ अंगावर पीत असून सहा महिन्यांच्या आतले असेल, तर ही गोळी देत नाहीत. गोळी चालू असताना एका पोटरीत एकाएकी दुखून सूज आली, छातीत कळ आली, दम लागला किंवा कधी नव्हे इतके डोके दुखून दिसणे अंधुक झाले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ही गुंतागुंत विरळ आहे, पण दुकानातून परस्पर पाकीट घेणारीला ती कोणी सांगत नाही. आमच्याकडे आलात तर निदान रक्तदाब तरी मोजला जातो.

सासूबाईंच्या शंकेकडे येते. गोळी बंद केल्यावर बीज तयार होणे बहुधा एक ते तीन महिन्यांत पूर्ववत होते. मग ‘तिने गोळ्या घेतल्या आणि नंतर तिला मूलच झाले नाही’ अशा गोष्टी येतात कुठून? माझ्या अनुभवात त्यांचा उगम बहुतेक वेळा एकच असतो. ज्या मुलीची पाळी मुळातच दोन-दोन महिन्यांनी यायची, म्हणजे जिला पीसीओएस (बीजकोशातून दर महिन्याला बीज बाहेर न पडण्याचा, संप्रेरकांच्या असमतोलाचा विकार) होता, तिची पाळी गोळीवर दर महिन्याला येऊ लागते आणि सगळ्यांना वाटते की ती बरी झाली. तीन वर्षांनी गोळी थांबते, जुना अनियमितपणा पुन्हा वर येतो आणि दोष गोळीच्या माथी बसतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी तुमची पाळी लग्नापूर्वी कशी होती हे मी नेहमी विचारते. तुम्ही ते लिहिलेले नाही. आपत्कालीन गोळीपूर्वी पाळी नियमित होती की नव्हती, हे आठवून ठेवा.

ज्यांना रोजची गोळी जमत नाही त्यांच्यासाठी ‘छाया’ आहे. ही गोळी आपल्याच देशात, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. १९९१ पासून ती ‘सहेली’ नावाने बाजारात मिळते आणि २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात ‘छाया’ म्हणून मोफत मिळते. तिच्यात संप्रेरक नाही, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, समजा रविवारी आणि बुधवारी, आणि पुढे आठवड्यातून एकदाच, रविवारी, असा तिचा नेम असतो. पाळीचे म्हणाल तर ती लांबते, कमी होते आणि कधी कधी दीड महिन्यावर जाते. हे माहीत नसले की घाबरगुंडी उडते. पाळी पंधरा दिवसांहून अधिक लांबली तर चाचणी करावी, एवढे पुरे. पीसीओएस, अलीकडे झालेली कावीळ किंवा यकृताचा आजार यांत ती देत नाहीत. आठवड्यातून एकदा म्हणजे सोपे, असे वाटते खरे, पण रोजची सवय लागते तशी आठवड्याची लागत नाही. ज्यांचा उपवासाचा वार ठरलेला आहे अशा बायका ही गोळी सर्वांत चोख घेतात, हे माझे निरीक्षण आहे.

आता तांबी. माझ्या टेबलाच्या खणात नमुन्याची एक कॉपर-टी असते आणि मी ती बाईच्या तळहातावर ठेवते. ‘एवढीशीच?’ हा उद्गार ठरलेला असतो. साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांबी, जवळजवळ तेवढीच आडव्या हातांची रुंदी, प्लास्टिकच्या दांडीवर गुंडाळलेली केसासारखी तांब्याची तार आणि खाली दोन बारीक धागे. ३८०-ए या नावातला आकडा म्हणजे उघड्या तांब्याचे चौरस मिलिमीटर. त्या तांब्यातून सुटणारे अणुरेणू शुक्रजंतूंची हालचाल मारतात, त्यामुळे बीजाशी गाठच पडत नाही. ३८०-ए दहा वर्षे चालते आणि ३७५ पाच वर्षे. काढल्यावर पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात. ती पोटात फिरत जाऊन काळजाला लागते, ही गोष्ट मी अजूनही ऐकते. गर्भपिशवी ही बंद पिशवी आहे, तिथून काळजाकडे वाट नाही. बसवताना भिंतीला छिद्र पडण्याचा धोका असतो, तो हजारात एखादीला.

मूल न झालेल्या स्त्रीला तांबी बसवता येते, जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांतही त्याला मनाई नाही. बसवताना थोडे जास्त दुखते आणि ती निसटण्याची शक्यता थोडी अधिक असते, इतकाच फरक. जिला अंगावरून पांढरे जाण्याचा, पोटात दुखण्याचा किंवा जंतुसंसर्गाचा त्रास आहे, तिचा आधी उपचार करायचा आणि मग तांबी. पण पाळी? पहिले तीन ते सहा महिने ती जास्त जाते, एक-दोन दिवस अधिक चालते आणि कळा येतात. नंतर पुष्कळ जणींची बसते. बसवणाऱ्याने हे त्याच टेबलावर सांगितले पाहिजे, कारण घरी गेल्यावर सांगायला शेजारीण असते आणि ती ‘काढून टाक’ एवढेच सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. अशा स्त्रीला हिमोग्लोबिन न पाहता तांबी बसवणे मला पटत नाही. तिच्यासाठी संप्रेरक सोडणारी कॉपरविना तांबी असते. तिने रक्तस्राव उलट खूप कमी होतो, पण ती महाग आहे आणि सरकारी केंद्रात सहसा मिळत नाही. एक उपयोगाची गोष्ट राहिली: असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांब्याची तांबी बसवली, तर ती आपत्कालीन गोळीपेक्षा खात्रीची ठरते आणि पुढची वर्षेही निभावतात.

इंजेक्शनाबद्दल लिहिताना मला माझी एक चूक सांगावी लागेल. सरकारी कार्यक्रमात ‘अंतरा’ नावाने २०१७ पासून मिळणारे हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. पेठ तालुक्यातली एक बाई दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला उतरायची. छाटणीपासून खुड्यापर्यंत नवराबायको दोघेही बागेतच राहायचे. रोजची गोळी तिथे कुठे सांभाळणार, म्हणून मी तिला अंतरा सुचवले आणि पहिले इंजेक्शन दिले. दुसरेही तिने वेळेवर घेतले. तिसऱ्या वेळी ती आली ती इंजेक्शनासाठी नव्हे. रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेले अंतराचे कार्ड तिने टेबलावर ठेवले आणि विचारले, ‘मॅडम, पाळी येईना. हे सगळं आतच साचतंय का?’ तिने दोनदा चाचणी केली होती, बागेतल्या मुकादमाच्या बायकोने तिला काढेही दिले होते. या इंजेक्शनाने आधी पाळी वेडीवाकडी होते आणि दोन-तीन इंजेक्शनांनंतर पुष्कळ जणींची ती बंदच होते, हे मी तिला सांगितलेच नव्हते. त्या दिवशी बाहेर पन्नास रुग्ण बसले होते, हे कारण झाले, समर्थन नाही. मी नंतर समजावले, पण तिचा विश्वास उडाला होता. तिने साधन सोडले आणि पुढच्या वर्षी, अंगावरचे मूल अजून पीत असताना, तिला पुन्हा दिवस गेले.

तेव्हापासून मी इंजेक्शन देण्याआधी बाईकडूनच वदवून घेते, ‘पाळी गेली तर काय समजायचे?’ तिने ‘अस्तरच तयार झाले नाही’ असे तिच्या शब्दांत सांगितले की मगच सुई. तारीख थोडी चुकली तरी इलाज आहे: ठरल्या दिवसाच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत पुढचे इंजेक्शन घेता येते, म्हणून कामाला गाव सोडण्यापूर्वीच ते टोचून घ्यावे. तुम्हाला मात्र मी हे पहिल्या पसंतीने सुचवणार नाही. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या सुईपासून साधारण सात ते दहा महिने लागतात. क्षमता जात नाही, उशीर होतो. दोन वर्षांनी मूल हवे असे ज्यांनी ठरवले आहे त्यांना तो उशीर घरच्यांच्या नजरेत महागात पडतो.

पाळीला मुळीच हात न लावणारे साधन म्हणजे निरोध, आणि गुप्तरोग व एचआयव्हीपासून वाचवणारेही तेच एक. सरकारने तो १९६८ साली स्वस्तात बाजारात आणला, आणि आजही आशाताई तो घरपोच देतात. तो फसतो तो मुख्यतः वापरणाऱ्याच्या हातून: ‘आजचा दिवस राहू दे’, उशिरा चढवणे, मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने दबून राहिलेला वापरणे, किंवा खोबरेल तेल लावणे. तेलाने रबर काही मिनिटांत कमजोर होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले ते १९२१ साली. त्याला शंभर वर्षे उलटून गेली, तरी मेडिकलच्या काउंटरवर दुसरे गिऱ्हाईक जाण्याची वाट पाहत डोकेदुखीची गोळी मागणारे तरुण मला आजही दिसतात. तुमच्या पतींना हे वाचायला द्या.

‘बाहेर काढणे’, म्हणजे वीर्यपतनाआधी बाजूला होणे, हे साधन नव्हे असे पुस्तके म्हणत नाहीत, पण शंभर जोडप्यांनी वर्षभर त्यावर विसंबले तर सुमारे वीस जणींना दिवस जातात. हेच माप इतरांना लावायचे तर नेहमीच्या, विसरभोळ्या वापरात निरोधाचे सुमारे तेरा, रोजच्या गोळीचे सात, इंजेक्शनाचे चार आणि तांबीचे एकाहून कमी. काहीच न वापरणाऱ्या शंभरांत पंच्याऐंशी. गोळी एकही न चुकता घेतली तर आकडा एकाच्याही खाली येतो. म्हणजे फरक औषधातला नाही, आठवणीतला आहे.

ऑपरेशनाचा प्रश्न तुमच्यापुढे नाही, म्हणून त्यावर थोडक्यातच. मात्र एक बोच लिहिल्यावाचून राहवत नाही. वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांचे ऑपरेशन झालेले आढळले आणि पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. बिनटाक्याची पुरुष नसबंदी जागा बधिर करून काही मिनिटांत होते, पोट उघडावे लागत नाही आणि ताकदही कमी होत नाही. फक्त पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्यतपासणी करून घ्यावी लागते. आणीबाणीच्या काळातील सक्तीची आठवण आजोबांच्या पिढीबरोबर सरली, पण भीती मात्र वारसाने आली.

साधन वापरूनही दिवस राहिले, तर मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून घरी घेऊ नका. गर्भ गर्भपिशवीऐवजी बीजनळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जीव धोक्यात येतो. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात साधन अयशस्वी होणे हे मान्य कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी विवाहित असण्याची अटही राहिली नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते आणि नवऱ्याची सही लागत नाही.

तुम्ही माझ्यासमोर बसला असता तर मी काय सुचवले असते? चाचणी नकारार्थी आली, रक्तदाब ठीक असला आणि वर सांगितलेला कोणताही आजार नसला, तर रोजची गोळी. तिने विस्कटलेली पाळीही ठरल्या वारी येऊ लागेल आणि मूल हवे तेव्हा फार वाट पाहावी लागणार नाही. मात्र लग्नापूर्वीही पाळी लांबत असेल तर आधी त्याचा तपास करू. महिन्यात तीन-चार गोळ्या विसरणार हे तुम्हाला स्वतःलाच ठाऊक असेल, तर संकोच न करता तसे सांगा, मग हिमोग्लोबिन पाहून तांबीचा विचार करू. दोन्हींपैकी काहीही ठरेपर्यंत निरोध, प्रत्येक वेळी. जिल्हा रुग्णालयात, महापालिकेच्या रुग्णालयांत किंवा तुम्ही सिन्नरकडे माहेरी असाल तर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही साधने मोफत मिळतात. सासूबाई सोबत येणार असतील तर अवश्य आणा, त्यांच्या हातावरही मी ती तांबी ठेवेन.

येताना गेल्या तीन महिन्यांत पाळी कोणत्या तारखांना आली, किती दिवस राहिली, आणि त्या दोन गोळ्या कोणत्या दिवशी घेतल्या, एवढे एका कागदावर लिहून आणा.